चिकनमधल्या जंतूंचा अहवाल कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाड संपत आला की आपल्या दैनिकात चिकनच्या भावाची बातमी न चुकता येते. गटारीच्या दिवशी दुकानांपुढे लागलेल्या रांगांचे छायाचित्र, किलोमागे झालेली वाढ, गावरान कोंबडी मिळत नसल्याची ग्राहकांची तक्रार आणि श्रावणात भाव उतरतील असा व्यापाऱ्यांचा अंदाज, एवढे तिच्यात हमखास असते. पण त्या कोंबडीच्या मांसावर कोणते जंतू बसून घरी येतात आणि त्यांपैकी किती जंतू आपल्याकडच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, हे मात्र मी आजवर वर्तमानपत्रात वाचलेले नाही. आपल्या बातमीदारांनी ते दडवले असे मला मुळीच म्हणायचे नाही. दुकानात विकल्या जाणाऱ्या मांसातील असे जंतू नियमितपणे मोजून त्यांचे आकडे दरवर्षी लोकांपुढे ठेवण्याची पद्धतच आपल्या राज्यात पडलेली नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची बातमी होणार तरी कशी?

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की मी तीस वर्षे प्रयोगशाळेत कल्चर लावण्याचे काम केले. लघवी, पू किंवा रक्तातून वाढवलेले जंतू काचेच्या बशीत पसरायचे, त्यांवर वेगवेगळ्या औषधांच्या बारीक टिकल्या ठेवायच्या, बशी रात्रभर उबेत ठेवायची आणि सकाळी प्रत्येक टिकलीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ किती मिलिमीटरचे आहे ते पट्टीने मोजायचे. वर्तुळ पुरेसे मोठे असेल तर औषधापुढे ‘एस’ लिहायचे, म्हणजे औषध चालेल. नाही तर ‘आर’, म्हणजे चालणार नाही. नोकरीच्या सुरुवातीला लघवीतील ई-कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या अहवालावर ‘आर’ एखाददुसराच असे. निवृत्तीच्या सुमारास असे अहवाल माझ्या हातून जात की वरपासून खालपर्यंत रकाना ‘आर’ने भरलेला, आणि मग डॉक्टरांचा फोन येई, कोलिस्टिन चालते का ते बघा. रुग्ण बहुधा अतिदक्षता विभागात असे. कधी ती साठीची मधुमेही बाई असे, कधी प्रसूतीनंतर ताप न उतरलेली मुलगी.

हे कोलिस्टिन माझ्या पत्राच्या मुळाशी आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. ते १९५० च्या सुमारास जपानमध्ये मिळालेले जुने औषध असून मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून माणसांसाठी जवळपास बाजूला पडले होते. नवी औषधे निकामी होऊ लागल्यावर ते कपाटातून पुन्हा बाहेर काढावे लागले आणि शेवटचा उपाय म्हणून त्याला मान मिळाला. मधल्या काळात मात्र जगातील अनेक देशांत ते डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात गोणीने मिसळले जात होते, कारण थोड्या मात्रेत रोज दिले की जनावर कमी खाद्यात लवकर भरते, असा अनुभव होता. एका बाजूला डॉक्टर जे औषध थरथरत्या हाताने, दुसरे काही उरले नाही म्हणून शिरेतून देत होते, तेच दुसऱ्या बाजूला पाटीने कालवले जात होते.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी शास्त्रज्ञांनी याचा परिणाम जगापुढे मांडला. शांघायच्या एका डुक्करपालन केंद्रातील ई-कोलाय जंतूत त्यांना कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक सापडले होते, आणि ते जंतूच्या मुख्य गुणसूत्रात नसून प्लाझमिड नावाच्या सुट्या वलयावर होते. जंतूंच्या दुनियेत या सुट्या वलयाची देवाणघेवाण सहज होते. एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे ते वलय शेजारणीकडून विरजण न्यावे तसे जाते आणि नव्या घरी आपले काम सुरू करते. त्याच शास्त्रज्ञांनी २०११ ते २०१४ या काळातील नमुने तपासले, तेव्हा कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये, कत्तलीच्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये आणि रुग्णालयातील १३२२ रुग्णांपैकी १६ जणांत हे जनुक असलेले ई-कोलाय मिळाले. जनावरांत शंभरात वीसएक, मांसात पंधराएक आणि माणसांत एक, या उतरत्या आकड्यांवरून ओघ कोठून कोठे वाहत असावा याचा अंदाज कोणालाही करता येईल.

चीनने २०१७ च्या एप्रिलपासून वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे बंद केले. पुढे काय झाले तेही त्यांनी मोजले. कोंबड्यांच्या केंद्रांवर मिळणाऱ्या ई-कोलायपैकी कोलिस्टिनला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, डुकरांत ते ३४ वरून ५ वर आले, आणि रुग्णालयात दाखल झालेल्या माणसांच्या आतड्यांत हे जनुक बाळगणारे जंतू मिळण्याचे प्रमाण २०१६ मधील १४ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ६ टक्क्यांच्या आसपास उतरले. बंदीचा उपयोग होतो की नाही याचे याहून स्वच्छ उत्तर मिळणे कठीण आहे.

आपल्याकडेही बंदी आली. केंद्र सरकारने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी, मत्स्यपालनासाठी आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण थांबवले. निर्णय योग्य होता आणि वेळेवरही होता. त्यानंतर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मांस, अंडी, दूध आणि मासळीच्या उत्पादनात निषिद्ध असलेल्या प्रतिजैविकांची यादी वाढवली आणि ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. कागदावर आपण फार मागे नाही. परंतु २०१९ च्या जुलैनंतर पुण्याच्या, नाशिकच्या किंवा माझ्या गावच्या चिकनच्या दुकानात कोलिस्टिनला दाद न देणारे जंतू कमी झाले की वाढले, हा साधा प्रश्न आज कोणी विचारला तर चीनसारखे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून त्याचे उत्तर देता येत नाही.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. ‘चिकनमध्ये अँटिबायोटिक’ अशी बातमी आली की लोकांना वाटते, औषध आपल्या पोटात जाणार आणि त्याचा अपाय होणार. २०१४ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने दिल्ली परिसरातून आणलेले चिकनचे ७० नमुने तपासले होते आणि त्यांतील ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश, तर १७ टक्के नमुन्यांत एकाहून अधिक औषधांचे अंश मिळाले होते. त्या पाहणीमुळे या विषयाला तोंड फुटले, याबद्दल त्या संस्थेचे आभारच मानले पाहिजेत. पण औषधाचा अंश वेगळा आणि औषधाला न जुमानणारा जंतू वेगळा. कोंबडीला औषध दिले आणि नेमून दिलेले दिवस थांबून मग ती विकली, तर मांसात अंश मिळणार नाही, नमुना उत्तीर्ण होईल, आणि तरीही त्या औषधाच्या माऱ्यातून तगून राहिलेले जंतू तिच्या आतड्यात जसेच्या तसे असतील. आपले नियम मुख्यतः पहिल्या गोष्टीची मर्यादा ठरवतात. मांसात किती आणि कोणते जंतू असू नयेत याचेही निकष आहेत. परंतु त्या जंतूंवर कोणते औषध चालते, म्हणजे आमच्या भाषेत ‘एस’ की ‘आर’, हा रकाना त्या तपासणीत नाही.

माझ्या धाकट्या दिरांची ब्रॉयलरची शेड आहे, पाच हजार पक्ष्यांची. करारावर आहे, कंपनीची गाडी एक दिवसाची पिल्ले टाकून जाते, खाद्याच्या गोण्याही कंपनीच्याच, औषधेही कंपनीचीच, आणि चाळीसएक दिवसांनी दोन-सव्वादोन किलोचा पक्षी झाला की लॉट उचलायलाही तीच गाडी येते. दिरांच्या वाट्याला शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीची जाग. मोबदला किलोवर ठरतो आणि मरतूक वाढली किंवा पक्ष्याने जास्त खाल्ले की तो कापला जातो. अशा माणसाला सुपरवायझरने सांगितले की पाचव्या दिवसापासून ही पावडर पाण्यात सोडा, तर तो सोडणारच. पुडीवर काय लिहिले आहे ते मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी मला ती रिकामी पुडी आणून दिली. आतले औषध एन्रोफ्लॉक्सासिन होते. एकही पक्षी तेव्हा आजारी नव्हता. दिरांना मी दोष देत नाही. पन्नास पक्षी घुरघुरू लागले तर बाकीचे चार हजार नऊशे पन्नास वेगळे कसे ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि आजारी पक्ष्यावर औषधोपचार करूच नये असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. आजार नसताना सगळ्या शेडला पाण्यातून औषध पाजणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

एन्रोफ्लॉक्सासिनचे नाव मुद्दाम घेतले. माणसांना लघवीच्या आणि पोटाच्या संसर्गावर जे सिप्रोफ्लॉक्सासिन दिले जाते त्याचे ते सख्खे भावंड आहे. कोंबडीच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनच होऊन जातो. एकाला जुमानत नसलेला जंतू दुसऱ्यालाही जुमानत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणासाठी कोंबड्यांमधील त्याचा वापर २००५ मध्ये बंद केला, तोही उत्पादक कंपनीशी पाच वर्षे वाद चालल्यावर. आणि हे सगळे कळायला फार प्रगत विज्ञान लागले असेही नाही. बोस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आमच्या पिढीने वाचला होता. मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावर त्यांनी पिल्लांच्या काही गटांना टेट्रासायक्लिन घातलेले खाद्य दिले. आठवड्याभरात त्या पिल्लांच्या विष्ठेतील बहुतेक जंतू त्या औषधाला न जुमानणारे झाले, आणि सहा महिन्यांच्या आत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही तसे जंतू शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक दिसू लागले. त्या माणसांनी स्वतः ते औषध घेतले नव्हते.

शेडवरून दुकानात येऊ. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी पसंत करतात आणि ताजेपणाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण एकाच पिंपात एकामागून एक पक्षी टाकले जातात, पिसे काढण्याच्या यंत्रात आधीच्या पक्ष्याची घाण पुढच्याला लागते, आतडे सुरीने फाटले की त्यातला मळ मांसावर सांडतो, आणि लाकडी ओंडक्याच्या भेगांत दिवसभराचे सगळे साठत जाते. पाच पक्ष्यांपैकी एकाच्या पोटात तसले जंतू असले तरी संध्याकाळपर्यंत त्यांचे वाटप चोख झालेले असते. दुकानदाराला पुरेसे वाहते पाणी, धुता येईल असा प्लास्टिकचा ठोकळा आणि गार ठेवण्याची सोय परवडावी, यासाठी नगरपालिकांनी हात पुढे केला पाहिजे. नुसत्या नोटिसांनी ओंडका बदलत नाही.

घरात आल्यावरचे आपल्या हातात आहे. नीट शिजवलेल्या रश्श्यात हे जंतू जगत नाहीत. मांसाच्या आतला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की ते मरतात आणि आपली कोंबडी तर चांगली खदखदते. धोका शिजवण्याच्या आधी आहे. आपण चिकन नळाखाली खळखळून धुतो, त्याचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. ज्या विळीवर तुकडे केले तिच्यावरच कांदा आणि काकडी चिरली जाते. मीही वर्षानुवर्षे तसेच धूत आले, प्रयोगशाळेत हातमोज्यांशिवाय बशीला स्पर्श न करणारी मी. हळद चोळली की जंतू मरतात, ही समजूतही सोडून द्यावी. हळदीने रंग आणि चव येते, कच्चे मांस निर्जंतुक होत नाही.

चिकनमधील ई-कोलायचा माणसाच्या लघवीच्या संसर्गाशी काय संबंध, असे कोणी विचारील. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ या गावी संशोधकांनी २०१२ मध्ये वर्षभर दुकानांतले मांस आणि त्याच गावच्या रुग्णांच्या लघवीचे व रक्ताचे नमुने दोन्ही तपासले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ई-कोलायचा एक विशिष्ट वंश दुकानातल्या कोंबडीवरही मिळाला आणि आजारी माणसांतही. त्या वंशाकडे असलेले प्लाझमिड पक्ष्यांच्या शरीरात राहण्यास सोयीचे होते, त्यामुळे माणसाकडून कोंबडीवर नव्हे, तर कोंबडीकडून माणसाकडे तो आला असण्याची शक्यता अधिक दिसली. लघवीचे सगळेच संसर्ग चिकनमुळे होतात असे त्यांनी म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. चिठ्ठीशिवाय दुकानातून घेतलेल्या गोळ्या, अर्धवट सोडलेले औषधांचे कोर्स, साध्या सर्दीला लिहून दिलेली प्रतिजैविके आणि रुग्णालयांतली अस्वच्छता यांचा वाटा मोठा आहे. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळेच दगावली असा अंदाज आहे. त्यांतील किती मृत्यूंचा माग कोंबडीपर्यंत जातो याचा आकडा काढण्यासाठीच तर कोंबडीवरचे जंतू मोजावे लागतील.

माझ्या शाकाहारी वाचकभगिनींनी हे पत्र आपल्यासाठी नाही असे समजू नये. शेडमधले तूस आणि विष्ठा लॉट संपला की कोंबडी खत म्हणून ट्रॉलीने विकली जाते आणि ती ऊस, द्राक्षे, टोमॅटो, मेथी अशा कोणत्याही पिकाला पडते. खत पुरते कुजवले तर बहुतेक जंतू मरतात; घाईने पसरले तर मरत नाहीत.

आता मागणी. डेन्मार्क १९९५ पासून जनावरे, मांस आणि माणसे या तिन्हींतील प्रतिरोधक, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या, जंतूंवर लक्ष ठेवतो आणि त्यांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करतो. अमेरिकेत २००२ पासून दुकानांतून चिकन, टर्की, डुक्कर आणि गोमांस विकत आणून त्यांवरचे जंतू तपासले जातात आणि निकाल कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पुढाकाराने पशू आणि मत्स्य क्षेत्रातील प्रतिरोधक जंतूंसाठी प्रयोगशाळांचे एक जाळे उभे राहिले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याचा भर पाळलेली जनावरे आणि मासे यांवर आहे, दुकानाच्या काट्यावर चढलेल्या मांसावर नाही. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे नमुने घेण्याचा अधिकार आहे, आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूर, परळ, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. टिकल्या ठेवून वर्तुळे मोजणे हे तेथील विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच शिकतात. कोलिस्टिनची चाचणी टिकलीने होत नाही, तिला वेगळी पद्धत लागते, पण तीही त्यांच्या आवाक्याबाहेरची नाही. प्रत्येक महापालिका क्षेत्रातून दरमहा ठरावीक दुकानांचे नमुने घ्यावेत, ई-कोलाय, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या तीन जंतूंवर कोणती औषधे चालतात ते पाहावे आणि दुकानांची नावे न देता शहरनिहाय आकडे वर्षातून एकदा मराठीत जाहीर करावेत. निर्यातीच्या कोळंबीचा कंटेनर युरोपातून परत येऊ नये म्हणून आपण तिची तपासणी करतो. आपल्या माणसांच्या ताटासाठी एवढे करणे जड जाऊ नये.

असे आकडे छापले तर धंदा बसेल, ही भीती मला घरातूनच ऐकायला मिळते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले, आणि २०२० च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना होतो या निव्वळ अफवेने भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी पक्षी फुकट वाटले. त्या वेळी दिरांचा लॉट शेडमध्येच राहिला होता. पण त्या अफवेपुढे दाखवायला एकही विश्वासार्ह आकडा कोणाच्या हाती नव्हता, म्हणून तर ती चालली. डेन्मार्कने २००० पर्यंत जनावरांच्या वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके बंद केली, स्वीडनने तर १९८६ मध्येच. डेन्मार्कचे डुकराचे मांस आजही जगभर विकले जाते.

एक विनंती शेवटी. या पत्रातील पुडीचा उल्लेख वाचून कंपनी कोणती हे जिल्ह्यात अनेकांना ओळखता येईल, आणि दिरांचा करार अजून दोन वर्षांचा आहे. म्हणून पत्र छापल्यास माझे नाव व गाव छापू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ